शिडी तशीच राहू दे

मी शिडी बोलतेय. जबलपूरला रांझीच्या एका गल्लीत, एका घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. माझ्याजवळ येणार असाल तर चेहरा दाखवू नका, त्याचा मला काही उपयोग नाही. पाय दाखवा. दांडीवर पाय पडला की माणूस कोण, जेवून आलाय की उपाशी, भांडून आलाय की घाबरून, सगळं मला कळतं. चेहऱ्यानं माणूस कोणालाही फसवतो. वजनानं मला आजवर कोणी फसवलेलं नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारी झाली, वाळवी लागली, काहीबाही बरळते. वाळवी लागली आहे, खोटं कशाला बोलू? डाव्या बांबूला बुडाशी लागली आहे. पण वजन अजून नीट कळतं.

माझे बांबू शहपुऱ्याच्या बाजारातले. डोमाजीनं ते निवडले तेव्हा बांबूवाला पार वैतागला होता, कारण डोमाजी एकेक बांबू उभा करायचा आणि एक डोळा मिटून तो सरळ आहे का बघत बसायचा. डोमाजी फॅक्टरीत फिटर. लाकडातलं त्याला फारसं कळत नसे, पण घरात कुठं काही ढिलं राहिलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बसच्या टपावर टाकून त्यानं मला आणलं. तापल्या सळईनं भोकं पाडली, सागाच्या दांड्या आरपार घातल्या, तारेनं आवळल्या. मग भिंतीला लावून बायकोला म्हणाला, "पाह्य बरं, हलते काय?"

"तुम्ही चढा, मी धरते," भागीरथा म्हणाली.

तेव्हापासून तसाच नेम पडला. तो चढणार, ती धरणार. डावा हात वर, उजवा जरा खाली, आणि एका पायाचा पंजा माझ्या बुडाशी रोवलेला. ती स्वतः कधीच चढली नाही. तिचं वजन मला माहीत नाही, पण तिची पकड मला त्याच्या पावलांइतकी पाठ होती.

भागीरथा भंडाऱ्याकडची. लग्न होऊन इथं आली, इथंच संसार झाला, पोरगा अश्वजीत इथंच शिकून मोठा झाला आणि नोकरीला आयर्लंडला गेला. तरी जबलपूर तिच्या लेखी परमुलुखच. बाजारात हिंदी बोलून आली की घरात पाय टाकताच दोन वाक्यं मराठीत बोलून घ्यायची, तोंड धुतल्यासारखी. "तुझा परदेश आत्ता सुरू झाला बापा," ती अश्वजीतला फोनवर म्हणायची, "माझा केव्हाचाच चालू आहे."

घर म्हणाल तर पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या आणि मागचं स्वयंपाकघर कवेलूचं, म्हणजे कौलारू. अश्वजीतनं किती वेळा सांगितलं की तिथंही स्लॅब टाकू. डोमाजी ऐकत नसे. कवेलूखाली उन्हाळ्यात जेवण गोड लागतं म्हणायचा. खरं कारण मला माहीत होतं. स्लॅब टाकला तर दरवर्षी चढायला काही उरलं नसतं. रिटायर झाल्यावर त्याचा दिवस म्हणजे हीच डागडुजी. टाकीचा बॉल बिघडला, कूलरची खस बदलायची, दार फुगलं, नळ टपकतो. आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरणं, म्हणजे सगळे काढून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवणं.

त्यात भर घालायला बंटी आला. बंटी म्हणजे बोका. पावसात भिजून आलं आणि राहिलं, असं ते पिल्लू. डोमाजी वर चढला की हाही दांड्यादांड्यांनी मागोमाग. डोमाजी वरून तिसऱ्या दांडीवर उभा राहून काम करायचा, तिथून त्याचा हात छपरावर नीट पोचायचा. बंटी त्याच्या पोटऱ्यांना अंग घासून वर जायचा आणि मग सुरू व्हायचा. कवेलूवर खिळे ठेवलेले असले की पंजानं एकेक खिळा खाली ढकलायचा, आणि दर खिळ्याला वाकून भागीरथाकडे बघायचा, पडला का म्हणून. खिळे संपले की कवेलू.

"ठठरी बंधे तुझी!" ती खालून ओरडायची.

ही खास जबलपुरी शिवी. ठठरी म्हणजे तिरडी. परमुलुखातलं तिनं एवढं एक मात्र मनापासून उचललं होतं. बंटीला शिवी ऐकल्याशिवाय करमायचं नाही, आणि डोमाजी वर हसायचा, ते हसू माझ्या दांडीपर्यंत यायचं.

त्या काळी मी गल्लीत कोणाकडे नव्हते? जयंतीच्या पताका लावायच्या, शिडी आणा. कोणाचा कूलर बसवायचा, शिडी आणा. शेजारची गीतांजली तर अर्धं वाक्यच बोलायची, "काकी, जरा वो..." की भागीरथा म्हणायची, "ने, पण सांजच्या आत आणजो."

आणि भुतं उतरवायलाही मीच. ही डोमाजीची आवड. कोणाच्या बंद खोलीवर आवाज येतो, कुठल्या झाडात कोणी रडतं, असं कानावर आलं की तो मला खांद्यावर टाकून निघायचा. वर चढायचा आणि कधी सुटलेला पत्रा काढून दाखवायचा, कधी घुबडाचं पिल्लू. खाली जमलेल्यांना म्हणायचा, "भूत उतरवायला मांत्रिक कशाला? शिडी पायजे." बुद्धविहारात लोक ही गोष्ट एकमेकांना सांगायचे. भागीरथाला त्याचा केवढा अभिमान होता.

मग ते महामारीचं साल आलं. सगळं बंद. सकाळी डोमाजी चढला, कारण बंटीनं स्वयंपाकघरावरचे कवेलू फोडून ठेवले होते. फुटके काढले, नवे बसवायला घेतले, आणि मध्येच थांबला. त्याचा डावा पाय एकाएकी जड झाला. तसा जड पाय मला नवा होता.

"काय झालं?" भागीरथानं विचारलं.

"काही नाई. पाणी पिऊन येतो." खाली उतरून तो म्हणाला, "शिडी तशीच राहू दे. आलोच."

तो ओट्यावर बसला, पाण्याचा गडू हातात घेतला, आणि तिथंच कलंडला. त्याला ती बिमारी नव्हती, त्याचं हृदय थांबलं. पण त्या दिवसांत कोण ऐकून घेतो? दुकानं बंद, बांबू मिळेना, गाडी मिळेना, विमानं बंद म्हणून अश्वजीत येऊ शकेना. गीतांजलीचा नवरा योगेश आणि विहारातले दोघं-तिघं तोंडाला फडकी बांधून आले आणि अंगणात इकडं तिकडं बघत राहिले. मग सगळ्यांची नजर माझ्यावर आली. मी तिथंच तर उभी होते.

त्यांनी मला भिंतीवरून काढलं, आडवी केली, वर गवत अंथरलं आणि डोमाजीला माझ्यावर बांधलं. हे सांगताना अजून माझी तार आवळून येते. त्याचं सगळं वजन मी एकाच वेळी कधी झेललं नव्हतं. नेहमी एक पाय, मग दुसरा. त्या दिवशी पाठ, डोकं, टाचा, सगळं एकदम, आणि सगळं गप्प.

नर्मदेकाठी त्याला उचलून घेतलं आणि मला बाजूच्या भिंतीला लावून माणसं परत गेली. तिथं गेलेला बांबू घरी परत येत नाही. मी समजून होते.

पण घरी भागीरथानं योगेशला दारातच विचारलं म्हणे, "शिडी?"

"काकी, वो वापस नहीं लाते."

"काहून? यायनं जिंदगीभर लोकाईले सांगितलं, भूत नसते. आज त्यायच्याच घरी आपण भेव मानाचं काय? जा, घेऊन ये."

योगेश आला, मला घेऊन गेला. नर्मदेत बुडवून घेतली तेवढं तिला सांगितलं नाही. भागीरथानं मला त्याच जागी, त्याच भिंतीला, बुडाशी जुन्या खुणेवर टेकवून ठेवलं. लोकांना तिनं जे कारण सांगितलं ते खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं. शिडी तशीच राहू दे, असं त्यानं सांगितलं होतं ना?

त्यानंतर मला कोणी मागायला आलं नाही. गीतांजली कूलर बसवायला स्टुलावर स्टूल ठेवून चढली, पण मला मागितलं नाही. भाजीची वाटी पूर्वी मागच्या अंगणातून यायची, ती पुढच्या दारानं येऊ लागली. छपराचं काम करणारे यायचे, मला बघायचे, कोणाला तरी विचारायचे आणि उद्या येतो म्हणून जायचे. भोक तसंच राहिलं. वर टाकलेलं प्लास्टिक उन्हानं कधीच फाटून गेलं. आणि ती ठठरीची शिवी भागीरथाच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकली नाही.

आता ऐका. पावसाळा लागल्यावर एका दुपारी सर आली. अंगणात कोणी नव्हतं. आणि माझ्या सगळ्यात खालच्या दांडीवर पाय पडला. मग वरच्या. मग त्याच्या वरच्या. घाईनं नाही, ओळखीच्या चालीनं, दर दांडीवर जरा टेकत. वरून तिसरीवर येऊन थांबला. डावा पाय जड होता.

मी करकरले. शिडीला भीती वाटली की ती दुसरं काय करणार?

सर संपेपर्यंत ते वजन तिथं होतं. आत स्वयंपाकघरात भागीरथानं भोकाखाली घमेलं ठेवलं होतं. पाऊस थांबल्यावर ती ते उपसायला गेली, आणि घमेलं कोरडं होतं. तिनं आत बोट फिरवून पाहिलं. मग बाहेर येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली.

बंटी भिंतीवरून उतरला, माझ्या दांड्यांवरून चढू लागला. वरून तिसऱ्या दांडीशी थांबला. पाठीची कमान केली, शेपूट ताठ केलं, आणि काही नसलेल्या जागेला अंग घासलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग ती दांडी टाळून उडी मारून वर गेला. भागीरथानं ते पाहिलं. घरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या सरीला मात्र ती बाहेर आली. डोक्यावर पोत्याची खोळ, पायात चप्पल नाही. माझ्यापाशी आली आणि मला धरलं. डावा हात वर, उजवा जरा खाली.

तसं मग दर पावसात चाललं. एकदा गीतांजलीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काकी, काय करून राहिल्या?"

"वारा आहे," भागीरथा म्हणाली. "शिडी पडन."

वारा नव्हता. गीतांजलीनं आयर्लंडला फोन केला. तिच्या अंगणातून तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. "भैया, काकी बारिश में सीढ़ी पकड़के खड़ी रहती हैं। अकेली. वर कोणीच नसते."

अश्वजीतला यायला जमेपर्यंत पावसाळे गेले. यंदा उन्हाळ्यात तो आला, आईला घेऊन जायचंच असं ठरवून. आला तो आधी मागच्या अंगणात. माझ्याकडे बघून त्याचं तोंड उतरलं.

"आई, ही अजून काहून ठेवली?"

"तुले भेव लागते काय? डोमाजीचा पोरगा ना तू?"

"मुझे डर नहीं लगता. मले तुझी चिंता लागते. लोक काय बोलून राहिले माहीत आहे तुले?"

"लोकाईले बोलू दे."

"तू माझ्यासंगं चाल. बस."

भागीरथानं वर छपराच्या भोकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "फुटकं घर टाकून मी येणार नाई. तुझ्या बाबाचं काम अधुरं आहे. ते कर, मंग येते."

मला वाटलं, ती त्याला टाळतेय. कारण छप्पर झालं की पावसात कोणी चढायचं कारण उरणार नाही, हे मला कळत होतं तसं तिलाही कळत असणारच. पण एकुलता पोरगा समोर उभा, बापाला खांदा न देता आल्याचं ओझं घेऊन. त्याच्या पायांतून ते मला नंतर कळलं. आईनं त्याला काम दिलं, ते त्याच्यासाठी दिलं. स्वतःचं काय जाणार आहे ते तिनं मनातच ठेवलं.

भर दुपार होती. अंगण तापलं होतं. अश्वजीतनं कवेलूची टोपली माझ्या मधल्या दांडीला बांधली आणि चढू लागला. आई खाली, दोन्ही हातांनी मला धरून.

"वरून तिसरी दांडी सोड," ती म्हणाली.

"काहून?"

"कच्ची झाली ते."

तो हसला, आणि मुद्दाम तिथंच पाय ठेवला. बापाचाच पोरगा. मला सांगता येणार नाही तेव्हा काय वाटलं. एका दांडीवर दोघांची पावलं, एक गरम, आणि दुसरं त्या उन्हात गार. मी मोडले नाही, एवढंच सांगते. सागाची दांडी आहे.

"आई," तो वरून म्हणाला, "इथून तर पूरा आसमान दिसून राहिला. परातीएवढं भोक आहे. पावसात काय करत होती तू?"

"गळत नव्हतं."

"कसं शक्य आहे?"

"गळत नव्हतं म्हणते ना. तू बसव."

तो बसवू लागला. खाली वाकून टोपलीतलं कवेलू घ्यायचं, वर लावायचं. काम जमू लागलं तसा त्याचा हात चालू झाला, नजर छपरावरच राहिली. एकदा त्यानं न बघताच हात मागं केला. कवेलू हातात आलं. त्यानं बसवलं. पुन्हा हात मागं केला. पुन्हा आलं.

मग तो थांबला.

"आई, तू दिलं?"

"माझे दोन्ही हात शिडीले आहेत."

बंटी छपराच्या कडेला बसला होता. तो अश्वजीतकडे बघत नव्हता. त्याच्या पाठीमागं, जरा वर, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत होता.

अश्वजीतच्या पायांची बोटं दांडीवर आवळली. पण तो उतरला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. उरलेले कवेलू त्यानं हात मागं करून, घेऊन, बसवले. सगळे बसल्यावर वरून एकदा हात फिरवून काही ढिलं आहे का पाहिलं. आणि उतरताना ती दांडी सोडून उतरला.

खाली येऊन ओट्यावर बसला. भागीरथानं त्याला पाणी दिलं.

"आई, बाबा तर म्हणत होते की भूत नसते."

"नसतेच. ते खोटं बोलत नव्हते."

"मग ते काय होतं?"

"काम बाकी होतं," भागीरथा म्हणाली.

तेवढ्यात बंटी खाली यायला निघाला. तिनं मान वर केली. मीही सगळं अंग ताठ करून वाट बघत होते. बोका वरून तिसऱ्या दांडीशी आला, थांबला, हवेत नाक लावून हुंगला. मग त्या दांडीवर पाय ठेवला आणि सरळ खाली उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"झालं," भागीरथा म्हणाली. तिनं पदरानं ओटा पुसला. "चाल अश्वजीत, कुलूप पाह्य कुठं आहे."

ती गेली. बंटीला गीतांजलीकडे सोपवून, मला मात्र तशीच ठेवून. पावसाळा आला आणि गेला. सरीवर सरी पडल्या, माझ्यावर कोणी चढलं नाही. इतकी हलकी मी जन्मात कधी नव्हते, आणि मला ते सोसेना. बंटी रोज भिंतीवरून येऊन माझ्या बुडाशी बसायचा.

कधी कधी गीतांजलीच्या अंगणात फोनवर भागीरथाचा आवाज यायचा. "इथं पाऊस रोज येते," ती एकदा म्हणाली, "पण शिडी धराले कोणी बोलावत नाई." गीतांजली हसली. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

मग अलीकडची एक दुपार. ऊन होतं, वारा नव्हता. अंगणात कोणी नव्हतं, फाटकाला कुलूप होतं. आणि दोन हातांनी मला धरलं. डावा वर, उजवा जरा खाली. बुडाशी एक पंजा रोवला गेला.

आयर्लंड किती लांब आहे मला माहीत नाही. पण ती पकड मी ओळखली, आणि ती कशी काय इथं पोचली तेही ओळखलं.

हात तसेच होते. वाट बघत होते. वर चढायला कोणी नव्हतं. छप्पर तर धड होतं, काम कुठलं बाकी?

बंटी उठला. माझ्या बुडाशी गोल गोल फिरला, नसलेल्या लुगड्याला अंग घासलं. मग दांड्यांवरून चढून छपरावर गेला, कडेच्या एका कवेलूला पंजा लावला आणि सरकवलं. थांबला. वाकून खाली, जिथं ती उभी असायची तिथं बघितलं. पुन्हा पंजा लावला. कवेलू अंगणात पडून फुटलं.

आणि माझ्या सगळ्यात खालच्या दांडीवर पाय पडला.

काही दिवसांनी गीतांजली मागच्या अंगणात आली. किती वर्षांनी आली! तिला त्याच दुपारी आयर्लंडहून काकीची बातमी देणारा फोन आला होता. ओट्यावर तिनं मेणबत्ती लावली, जरा रडली. फुटकं कवेलू बघून बंटीला म्हणाली, "फिर तोड़ दिया?" आणि योगेशला सांगून बसवून घेते म्हणाली.

म्हणून तर बोलतेय. एरवी शिडीनं तोंड उघडायचं कारण नाही. माझं एवढंच मागणं आहे. ते कवेलू बसवू नका, एवढं एक राहू द्या. मला इथून हलवू नका. वर कोणाला चढायचं असेल तर खुशाल चढा, फक्त वरून तिसरी दांडी सोडा. आणि चढताना, खाली शिडी धरायला कोणाला हाक मारू नका. मला धरलेलं आहे.